बांगड्यांचे दिवस आणि सुनेचा हात

यंदा बांगडा परत लागला. मधली दोन वर्षं त्याने आमच्या किनाऱ्याकडे पाठ फिरवली होती आणि गावातली माणसं देवाला नि ट्रॉलरवाल्यांना आळीपाळीने शिव्या देत बसली होती. आता सकाळी पाण्यात काळसर डाग सरकताना दिसतो, त्यावर पांढरी पाखरं पडतात आणि थोड्या वेळाने वाळूवरून हाका ऐकू येतात. मी आता दोर ओढायला जात नाही. गुडघे गेले. पडवीत बसून कानांनीच रापण ओढतो. हाका कुठे चढतात, कुठे उतरतात, त्यावरून जाळं किती आत आहे ते मला घरबसल्या कळतं.

या दिवसांत ऊन असं पडतं की माडाची सावलीही तापते. भात कापायला आलेलं असतं. घराघरांतून बांगड्याच्या तिखल्याचा, तिरफळांचा वास येतो आणि रस्त्याने जाणारा माणूस उगाच पाय हळू टाकतो. मला मात्र त्या वासाच्या मागोमाग फिनेलचा वास येतो. घरात फिनेलची बाटली नाही, शेजारीही नाही. सात-आठ वर्षं झाली त्या हंगामाला. बांगडा आला नाही त्या दोन वर्षांत फिनेलही आलं नाही. आता दोन्ही आलेत.

मी लिहिणारा माणूस नव्हे. दुसरी पास झालो, तिसरीत मास्तरांनी विनाकारण मारलं म्हणून उठून घरी आलो तो परत गेलो नाही. वडलांनी मारलं तरी गेलो नाही. अक्षरं तेवढी सोडली नाहीत. वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तेव्हा हे जे लिहितो आहे ते माझंच आहे, कोणाकडून लिहून घेतलेलं नाही.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून यायचं. त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर. दोन रांगा करून माणसांनी मागे मागे चालत ते ओढायचे. तळहात सोलून निघतात, त्यात खारं पाणी चरचरतं. एकाने सोडला तो दोर दुसरा धरतो. कोणाचं रक्त कुठे लागलं ते बघत कोणी बसत नाही. शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर येतं, आत बांगडे तडफडत असतात, आणि सगळे, बायका काय नि पुरुष काय, वाकून हात घालतात.

इथे आमची एक रीत आहे. बांगड्यांबरोबर जाळ्यात वागळी येते, शिंगाळा येतो. या मासळ्यांच्या काट्यात विष असतं. ज्याला तो काटा आधी दिसेल त्याने मोठ्याने सांगायचं, "काटो आसा." की सगळ्यांचे हात वर. मग एक जण काठीने ती मासळी बाजूला ओढतो आणि पुन्हा काम सुरू. काटा दिसूनही जो गप्प राहिला त्याच्या शेजारी उभं राहून दुसऱ्या दिवशी कोणी दोर धरत नाही. आमची पोरं ग म भ न शिकायच्या आधी हे शिकतात.

माझी सून वनिता हे लग्नानंतर शिकली. तिचं माहेर सावंतवाडीच्या बाजूचं, शेतीवाडीवालं. समुद्र तिने जत्रेसारखा कधीतरी बघितलेला. पहिल्या वर्षी मासळी निवडताना शेपटी हलली तरी मागे सरायची. आमच्या रापणीचा म्होरक्या, दाजी तांडेल, तिला म्हणायचा, "गो वयनी, बांगडो चावना नाय. चावता तो तुझो सासरो." ती पदर तोंडाला लावून हसायची. पुढे तीच अशी तयार झाली की जाळ्याच्या पोटात काय आहे ते पाण्यात असतानाच सांगायची. विळीवर बसली की तिचा हात बघत राहावा. बाजारात तिच्याकडून मासळी कापून घ्यायला बायका थांबून राहायच्या.

मुलगा राजन मुंबईला गोदीत होता. एक दिवस तिथून निरोप आला म्हणून मी नि वनिता धावत गेलो. त्याचा हाडांचा सापळा झाला होता. मुंबईच्या इस्पितळात त्याचं रक्त तपासलेलं होतं, मग वनिताचंही तपासलं. राजन गेला आणि वनिता ते घेऊन घरी आली. एचआयव्ही. पूर्ण लिहितो, कारण आमच्याकडे कोणी त्याचं नाव घेत नाही. 'तो आजार' म्हणतात, नाहीतर 'मुंबयचो आजार', जसा काय तो गाडीत बसून येतो. माझी बायको या सगळ्याच्या आधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच. वनिताचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, "आबांका भात कोण घालतलो?" आणि राहिली. मी तिला राहा म्हटलं नव्हतं. जा पण म्हटलं नव्हतं. आमच्या घरात बोलण्यापेक्षा उठबसच जास्त.

राजनचा एक दोस्त सोडला तर गावात तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. ती मासळी कापत होती, बाजार करत होती, अंगाने धडधाकट होती.

त्या हंगामात एका सकाळी जाळं असं भरून आलं की ओढता ओढता माणसांची तोंडं लाल झाली. मी मागच्या रांगेत होतो. दाजी ओरडत होता, "म्हातारो ओढता कमी नि बोलता जास्ती," आणि मी त्याला त्याच्या बापाची आठवण करून देत होतो. जाळं वाळूवर आलं. वनिता पुढे होती. तिला शिंगाळा दिसला. तिने रीतीप्रमाणे हाक दिली. सगळ्यांचे हात वर गेले, पण त्याच वेळी वरची मासळी ढिगारा कोसळावा तशी घसरली आणि तिचा उजवा हात खाली दबला. बाहेर काढला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, त्यांच्या मध्ये काटा घुसून मोडला होता.

गरम पाण्यात हात धरणं हा आमचा पहिला उपाय. धरला. रात्रभर ती उशीला टेकून बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हात मनगटापर्यंत सुजलेला. मी पायजमा चढवला आणि आमच्या वाडीतल्या बाबीची रिक्षा बोलावली. मासळी वाट बघत नाही, जखमही नाही, एवढं मला कळतं.

बाबीला राजनने मरण्याआधी फोनवर सगळं सांगितलेलं होतं, दोघं लहानपणापासूनचे दोस्त. वाटेत तो आरशातून मागे बघत म्हणाला, "आबा, मी सांगतंय तां ऐका. थंय त्या आजाराचा काय एक काढू नकात. शिंगाळ्याचो काटो लागलो म्हणा, झाला."

वनिता बोलली. "आणि कापताना त्येंच्या हाताक लागला तर?"

"अगो, डॉक्टर ते. त्येंका काय कळत नाय?"

"सांगल्याशिवाय कसा कळतला?"

रिक्षा खड्ड्यांतून चालली होती आणि ती आपला हात दुसऱ्या हातात बाळासारखा धरून बसली होती.

त्या सरकारी दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तो दवाखाना तसलाच, आणि बाकीचे सगळे सुटतात.

आतली नर्स चांगली होती. वनिताचा हात तिने आपल्या हातात घेतला, हळूच दाबून बघितला, "फार ठणकत असेल ना गं," म्हणाली. "चिरा द्यावा लागेल, आत काटा आहे. पाच मिनिटांचं काम." एवढ्यात वनिताने सांगितलं. शुद्ध बोलायचा प्रयत्न करून, शाळेत कविता म्हणावी तसं. "मॅडम, मला एचआयव्ही आहे. हातात मोजे घालून करा."

नर्सने हात सोडला. फेकला नाही, सोडला. पण सोडताना तिची बोटं ताठ झाली ते मी बघितलं. ती कोपऱ्यातल्या नळाकडे गेली आणि हात धूत राहिली. पाण्याचा आवाज थांबेचना. मग आतल्या दारातून तिने डॉक्टरांना सांगितलं ते बाकावरच्या सगळ्यांना ऐकू आलं. त्या सगळ्यांत आमच्या पलीकडच्या वाडीतली एक बाई नातवाला घेऊन बसलेली होती.

डॉक्टर दारापर्यंत आले. उंबरा ओलांडला नाही. तिथूनच हात बघितला.

"इथे सोय नाही. मोठ्या दवाखान्यात जा."

मी म्हटलं, "बाई आताच म्हणाल्या, पाच मिनिटांचं काम आहे."

"तेव्हा त्यांना माहीत नव्हतं."

"माहीत झाल्यावर पू वाढला काय?"

"आजोबा, वाद घालू नका. तुम्हाला त्यातलं कळत नाही."

वनिता उठली. ती उठल्याबरोबर एक सेवक बादली घेऊन आला आणि ती बसली होती तेवढा बाक त्याने फिनेलने पुसला. आम्ही अजून तिथेच उभे होतो. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही, आपलं काम करावं तसं केलं. मग मी त्या ओल्या बाकावर जाऊन बसलो. पायजमा भिजला, आतपर्यंत थंड लागलं, वास डोक्यात गेला. सेवक म्हणाला, "आजोबा, ओलं आहे." मी म्हटलं, "दिसतं मला." आणि बसून राहिलो. त्याने काय झालं? काही नाही. डॉक्टर आत गेले, नर्स दुसऱ्या पेशंटकडे गेली, आणि थोड्या वेळाने वनिताच म्हणाली, "आबा, चला. हात दुखता."

मी हात जोडले नाहीत. जोडले असते तर चिरा दिला असता का? बाबी म्हणतो, दिला असता. मला नाही वाटत. आणि वाटलं असतं तरी, हातातला काटा काढायला सासऱ्याने हात कशाला जोडायचे ते मला अजून कळलेलं नाही.

बाबी बाहेर तंबाखू मळत होता. आमची तोंडं बघून त्याला कळलं. "सांगलास मां?" तो वनिताला म्हणाला. "तुका सांगलेलंय मी. शिकलेल्या माणसांक खरा सांगूचा नसता गो. त्येंका झेपना नाय."

दुसरा दवाखाना खाजगी, पैसे घेणारा. तिथे जाताना बाबीने पुन्हा तेच सांगितलं आणि वनिताने पुन्हा तेच केलं. या वेळी मला वाटलं होतं, गप्प राहील. मी मनातल्या मनात तिला परवानगीसुद्धा दिली होती. ती म्हणाली, "आबा, एकदा सांगला, आता लपवलंय तर पयला पण खोटा होतला." मी तिला त्या दिवशी मान दिला. मुलग्याच्या लग्नात दिला नव्हता एवढा.

तिथे नाही म्हटलं नाही कोणी. ठेवून घेतलं. खाट दिली ती शेवटच्या व्हरांड्यात, न्हाणीघराच्या बाजूला, जिथे सामान ठेवतात. एका बाजूला मोडकी चाकाची खुर्ची, दुसऱ्या बाजूला रिकामे खोके. जेवणाचं ताट आणणारी बाई ते व्हरांड्याच्या पायरीवर ठेवून जायची. मी उचलून आणायचो. हात भूल देऊन उघडायचा म्हणाले, आणि पहिल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आले, एका माणसाच्या अंतर्गळाच्या ऑपरेशनला भूल देऊन गेले. मी विचारलं तर म्हणाले, तो आधी ठरलेला होता. पुढे म्हणाले, अंगभर घालायचे विशेष कपडे मागवले आहेत, ते यायचे आहेत. सलाईन चालू होतं, सुई टोचताना एक मुलगी डोळे मिटून घ्यायची. वनिता तिला म्हणायची, "घाई करू नका, सावकाश टोचा. मला दुखत नाही." स्वतःचा हात भोपळ्यासारखा झालेला आणि ही त्या मुलीला धीर देते.

अशा ठिकाणी माणूस भांडतो असं लोकांना वाटतं. पहिले दोन दिवस मी भांडलोही. मग थकलो. समोरचा नाही म्हणाला तर भांडता येतं. समोरचा रोज उद्या म्हणतो त्याच्याशी कसं भांडायचं? रोज नवा चेहरा, रोज गोड बोलणं, "आजोबा, प्रयत्न चालू आहेत." मी खोक्यांच्या बाजूला वर्तमानपत्र अंथरून पडायचो आणि छताकडे बघायचो. बाहेर बांगडे घेऊन जाणाऱ्या टेम्पोंचे आवाज. जगाचा हंगाम चालू होता.

एका सकाळी मी जागा झालो तो वासाने. फिनेलच्याही वर तो वास होता. आयुष्य मासळीत गेलं; काय टिकेल नि काय गेलं ते मला बघावं लागत नाही. मी वनिताकडे बघितलं. तिलाही आला होता. ती हाताकडे न बघता भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "आबा, आता विळी धरूक गावतली मां माका?"

तिने जगेन का विचारलं नाही. विळी धरता येईल का विचारलं. मी उठलो, फोनच्या बूथवर गेलो आणि गावात फोन लावला.

तोवर गावात सगळ्यांना कळलेलं होतं. पलीकडच्या वाडीतल्या त्या बाईने आपलं काम केलं होतं. फोनवर दाजी आला. मला वाटलं, आता हाही काहीतरी कारण सांगेल. तो म्हणाला, "मासळीचो टेम्पो गोव्याक जाता आसा. तुमका वाटेत घेतलो. पुढे बसवा तिका, मागे बर्फ आसा."

आम्ही बांगड्यांबरोबर गोव्याला गेलो. ड्रायव्हर आणि मी तिच्या दोन बाजूंना. वाटेत त्याने एकदाच विचारलं, काच खाली करू का. बर्फाचं पाणी रस्ताभर ठिबकत होतं.

तिथल्या मोठ्या इस्पितळात गर्दी मुंबईसारखी. एक मध्यमवयीन डॉक्टर कोंकणीत बोलायचे. वनिताने तिसऱ्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "सांगलें तें बरें केलें, बाय," आणि बाकीच्यांच्या वेळी घालत होते तेच मोजे घालून हात बघायला लागले. विशेष कपडे नाहीत, काही नाही. बघता बघता त्यांचा चेहरा पडला. मला बाजूला घेतलं. हात वाचेल, म्हणाले, दोन बोटं नाही वाचणार. त्याच दिवशी दुपारी कापली.

करंगळी आणि शेजारचं. उरलेल्या बोटांपैकी मधलं नीट वाकत नाही.

परत आलो तेव्हा हंगाम उतरत आला होता. बाजारात तिच्या टोपलीजवळ बसणाऱ्या दोघी पलीकडे सरकल्या. गिऱ्हाइकं मासळी बघायची, हाताकडे बघायची आणि पुढे जायची. हे वर्षभर चाललं, मग हळूहळू निवळलं, कारण बांगडा ताजा असला की माणसं फार काळ शहाणी राहत नाहीत. विळी मात्र तिला पहिल्यासारखी धरता आली नाही. डाव्या हाताने कापते, वेळ लागतो. थांबून राहणाऱ्या बायका आता थांबत नाहीत. संध्याकाळी ती उजव्या हाताला खोबरेल चोळत बसते. मी तिकडे बघत नाही, आणि मी बघत नाही हे तिला माहीत आहे.

पुढे सरकारी गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला त्या घ्यायला जावं लागतं. जायचं कुठे, तर त्याच पहिल्या दवाखान्यात. आता तिथे वेगळी खोली आहे, भिंतीवर रंगीत चित्रं आहेत, हात मिळवलेले, फुलं, सूर्य. ती जुनी नर्स नाही, ते डॉक्टर बदलून गेले. बाक तेच. गुडघ्यांमुळे मी सहसा जात नाही. यंदा बांगडा लागला त्या आठवड्यात गेलो होतो. तिला दोन दिवस ताप होता, म्हणून.

नवा डॉक्टर तरुण आहे, हसतमुख. तिला मावशी म्हणाला. नाडी बघायला म्हणून त्याने तिचा उजवा हात हातात घेतला, मोजे नव्हते, उघड्या हाताने. उलटा केला, पालथा केला, जखमेच्या जागेवरून अंगठा फिरवला. इतक्या हळू, की मी त्याच्या अंगठ्याकडेच बघत राहिलो.

"मावशी, हे कसं झालं?"

"शिंगाळ्याचा काटा लागला होता. पू झाला."

तो मान हलवू लागला. खरंच वाईट वाटलं होतं त्याला. "एवढ्या साध्या गोष्टीला बोटं गेली? किती उशीर केलात तुम्ही. अंगावर काढता ना सगळं. दुसऱ्या दिवशी आला असतात तर इथेच झालं असतं, पाच मिनिटांचं काम."

मी उठलो. गुडघे दुखले तरी उठलो. सात-आठ वर्षं पडवीत बसून जे जे बोललो होतो, बाबीला, दाजीला, रापणीच्या हाकांना, ते सगळं एकदम तोंडात आलं. ते दार दिसत होतं, तो उंबरा दिसत होता.

वनिताने माझ्याकडे न बघता डाव्या हाताने माझा सदरा धरला आणि खाली ओढला. हळू आवाजात म्हणाली, "आबा, गप रवा. पुढच्या म्हयन्यात माका परत हयच येवचा आसा."

मी बसलो. तोंड मिटलं. आयुष्यात मी कोणासमोर तोंड मिटलं नव्हतं, मास्तरांसमोर नाही, बापासमोर नाही.

डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, तापाच्या वेगळ्या दिल्या. आपुलकीने म्हणाला, "पुढच्या वेळी असा उशीर करू नका हं, मावशी."

"नाही करणार," ती म्हणाली.